संधिवाताभ संधिशोथाचे अणुवैद्यकीय निरीक्षण : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक चिकित्सक विचार

भारतातील अणुभट्ट्यांचा आरंभ मुंबईच्या उपनगरी किनाऱ्यावर झाला. ट्रॉम्बे येथील 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. तिच्यामागोमाग १९६० मध्ये 'सायरस' आणि १९८५ मध्ये 'ध्रुव' या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. वीजनिर्मिती आणि संरक्षण हे विषय चर्चेच्या केंद्रस्थानी राहिल्याने या भट्ट्यांतून रुग्णालयांसाठी किरणोत्सारी समस्थानिके तयार होत आली आहेत, ही बाब सर्वसामान्य वाचकाच्या फारशी लक्षात येत नाही. १९६३ मध्ये परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले आणि अणुवैद्यक या शाखेने देशात मूळ धरले. कर्करोग व थायरॉइड यांच्या संदर्भात या शाखेची उपयुक्तता निर्विवाद आहे. सांध्यांच्या दीर्घकालीन शोथाचे, विशेषतः संधिवाताभ संधिशोथाचे, वेळोवेळी निरीक्षण करण्यासाठी तिचा वापर कितपत समर्थनीय ठरतो, हा प्रश्न मात्र अद्याप मोकळा आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या बाजूने केल्या जाणाऱ्या दाव्यांची तपासणी करावयाची असून, ती अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत राहणाऱ्या रुग्णाची परिस्थिती समोर ठेवून करणे अधिक फलदायी ठरेल.

प्रथम शब्दाविषयी थोडे. 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' या आजाराला मराठीत कोणी संधिवात म्हणतात, कोणी आमवात. घरोघरी 'वात' या एकाच शब्दात वयोमानाने झिजलेला गुडघाही येतो आणि तिशीतील स्त्रीची सुजलेली बोटेही येतात. हा केवळ भाषिक ढिसाळपणा नव्हे. या गोंधळामुळे अनेक रुग्ण, वय झाले की हे असे होणारच, या समजुतीने पहिले मोलाचे महिने दवडतात. वस्तुतः या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या आतील अस्तरावर, म्हणजे संधिकलेवर, हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि कालांतराने ते लगतचे कूर्चा व हाड पोखरू लागते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत हा आजार सुमारे तिपटीने अधिक आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पाहणीत त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. ग्रामीण भागातील हे प्रमाण महानगराला जसेच्या तसे लावता येत नाही, हे मान्य करूनही २०११ च्या जनगणनेनुसार ९३ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात, मुले वगळता, पस्तीस हजारांच्या आसपास रुग्ण असावेत असा स्थूल हिशेब निघतो.

या रुग्णांच्या आजाराचे मोजमाप आज कसे होते? डॉक्टर २८ सांधे दाबून पाहतात, किती दुखतात आणि किती सुजले आहेत ते मोजतात, रक्तातील ईएसआर किंवा सीआरपी पाहतात, रुग्णाला स्वतःच्या प्रकृतीविषयी एका मापपट्टीवर खूण करावयास सांगतात आणि या सर्वांतून 'डास-२८' हा एक आकडा काढतात. तो ५.१ च्या वर असल्यास आजार तीव्र, २.६ च्या खाली असल्यास शमलेला, असे मानले जाते. पद्धत स्वस्त आहे आणि ती कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात वापरता येते. तिच्यातील उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. या २८ सांध्यांत पावलांचे सांधे नाहीत, आणि अनेक रुग्णांत आजाराची सुरुवातच तेथे होते. लोकलचा पूल चढताना पावलाच्या चवड्यात कळ येणाऱ्या स्त्रीचा 'डास-२८' समाधानकारक असू शकतो. शिवाय दुखणे म्हणजे शोथ नव्हे. जुनी झीज, निद्रानाश, स्नायूंचे दुखणे यांनीही आकडा फुगतो. उलटपक्षी वेदनाशामक गोळी घेऊन आलेल्या रुग्णाचा आकडा खाली येतो.

या उणिवांतूनच प्रतिमेची गरज निर्माण झाली. साधा क्ष-किरण हाडांची झीज दाखवतो, म्हणजे नुकसान होऊन गेल्यानंतर साक्ष देतो. अणुवैद्यकीय प्रतिमेचा दावा वेगळा आहे. सांध्याचा आकार दाखवणे हे तिचे मुख्य काम नसून त्या क्षणी सांध्यात काय घडत आहे ते दाखवणे हे तिचे काम होय. रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा टोचली जाते. ज्या ठिकाणी रक्तपुरवठा वाढलेला असतो, हाडांची घडामोड जोरात असते किंवा विशिष्ट पेशी गोळा झालेल्या असतात, तेथे ते द्रव्य साचते आणि गॅमा कॅमेरा बाहेरून त्याची नोंद घेतो. एकाच वेळी डोक्यापासून पावलांपर्यंत सर्व सांधे दिसतात, ही या पद्धतीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. सोनोग्राफीत एकेक सांधा तपासावा लागतो आणि एमआरआयमध्ये सहसा एका हाताचेच चित्र घेतले जाते.

या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य म्हणजे टेक्नेशियम-९९एम. मॉलिब्डेनम-९९ या समस्थानिकापासून ते मिळते. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तास आणि टेक्नेशियमचे अवघे ६ तास. त्यामुळे रुग्णालयात मॉलिब्डेनम असलेला जनित्रसंच ठेवला जातो आणि दररोज सकाळी त्यातून हवे तेवढे टेक्नेशियम धुऊन काढले जाते. तंत्रज्ञांच्या बोलीत या क्रियेला 'दूध काढणे' असेच म्हणतात. आठवडाभराने संचातील मॉलिब्डेनम सुमारे एकषष्ठांश उरते आणि नवा संच मागवावा लागतो. हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियमला एमडीपी या फॉस्फोनेट संयुगाची जोड देतात. टोचल्यानंतर काही मिनिटांतच घेतलेले पहिले चित्र रक्ताचा साठा, म्हणजेच सुजलेले अस्तर दाखवते. सुमारे तीन तासांनी घेतलेले चित्र हाडातील घडामोड दाखवते. शोथाच्या निरीक्षणाच्या दृष्टीने यांपैकी पहिले चित्र अधिक महत्त्वाचे, परंतु अहवालांत बहुधा दुसऱ्याचेच सविस्तर वर्णन आढळते. ही विसंगती किरकोळ वाटली तरी तिचा परिणाम गंभीर आहे, कारण औषधाने शोथ उतरल्यानंतरही हाडाची डागडुजी बरेच महिने चालू राहते आणि उशिराचे चित्र 'तापलेले'च दिसते. आजार शमलेला असताना तो चालू आहे, असा निष्कर्ष त्यावरून सहज निघू शकतो.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. प्रतिमा 'येथे काहीतरी चालू आहे' एवढेच सांगते. काय चालू आहे हे सांगत नाही. वयोमानाची झीज, जुना अस्थिभंग, जंतुसंसर्ग यांपैकी कशानेही सांधा उजळून दिसतो. महाराष्ट्राच्या संदर्भात दोन उदाहरणे विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. २००६ मध्ये राज्यात चिकुनगुन्याची मोठी साथ आली आणि त्यानंतर अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहिले. अशा रुग्णाची प्रतिमा संधिवाताभ संधिशोथाच्या प्रतिमेसारखीच दिसू शकते. दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. टीएनएफविरोधी जैविक औषधे सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करावी लागते, कारण या औषधांनी दडलेला क्षय डोके वर काढतो. एफडीजी या ग्लुकोजसदृश द्रव्याने केलेल्या पेट स्कॅनमध्ये क्षयग्रस्त लसिका-ग्रंथीही उजळते आणि सुजलेला सांधाही उजळतो. युरोपातील शोधनिबंधांत हा प्रश्न तळटीपेपुरता येतो. मुंबईत तो रोजच्या निर्णयाचा भाग आहे.

अधिक नेमकी द्रव्ये शोधण्याचे प्रयत्न गेली काही दशके चालू आहेत. टेक्नेशियम लावलेल्या पांढऱ्या पेशी, मानवी इम्युनोग्लोब्युलिन, टीएनएफविरोधी प्रतिपिंडे असे अनेक पर्याय येऊन गेले. त्यांपैकी बहुतेक संशोधनापुरते राहिले. नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी कार्बन-११ लावलेल्या पीके-१११९५ या द्रव्याच्या साहाय्याने सांध्यातील भक्षक पेशींचे चित्र मिळवले. २०१२ मध्ये त्यांनी अद्याप सूज नसलेल्या, परंतु रक्तात प्रतिपिंडे आढळलेल्या २९ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या प्रतिमेत सांधे उजळले त्यांना पुढे आजार झाला. पण ज्यांना आजार झाला त्यांपैकी अनेकांची प्रतिमा आधी कोरी होती. अलीकडे तंतुजनक पेशींचा वेध घेणारी 'एफएपीआय' द्रव्ये चर्चेत आहेत. सुजलेल्या अस्तरातील हाड पोखरणाऱ्या पेशींशी त्यांचा थेट संबंध असल्याने त्यांच्याकडून अपेक्षा बाळगणे गैर नाही.

या सर्व साहित्यातील युक्तिवादाची रचना मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. बहुतेक अभ्यासांत नव्या प्रतिमेची तुलना डॉक्टरांच्या हाताच्या तपासणीशी किंवा सोनोग्राफीशी केली जाते. दोन्ही जुळल्यास प्रतिमा 'विश्वसनीय' ठरते. न जुळल्यास, म्हणजे हाताला न लागलेला सांधा प्रतिमेत उजळल्यास, ती 'अधिक संवेदनशील' ठरते. थोडक्यात, कसोटीचा निकाल काहीही लागला तरी परीक्षार्थी उत्तीर्ण! हाताला न लागलेला तो सांधा वर्षभराने खरोखरच झिजला का, आणि प्रतिमा पाहून औषध बदलले असते तर ती झीज टळली असती का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज संवेदनशीलतेचा दावा अपुरा राहतो. पहिल्या प्रश्नाचा पाठपुरावा काही थोड्या अभ्यासांनी, तोही लहान रुग्णसंख्येवर केला आहे. दुसऱ्या प्रश्नाला अणुवैद्यकाच्या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर हात घातला गेल्याचे दिसत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर अन्य प्रतिमापद्धतींच्या बाबतीत मिळाले आहे आणि ते विचारात पाडणारे आहे. सोनोग्राफी आणि एमआरआय हाताच्या तपासणीपेक्षा अधिक शोथ दाखवतात, तसेच शमलेल्या वाटणाऱ्या आजारातही दडलेला शोथ पुढील झिजेची सूचना देतो, हे २००६ नंतरच्या ब्रिटिश अभ्यासांतून पुढे आले होते. त्यावरून सोनोग्राफी पाहून औषध वाढवल्यास रुग्णाचे भले होईल असा तर्क बांधला गेला. नॉर्वेतील 'आर्क्टिक' या चाचणीत २३८ रुग्णांचे दोन गट करून हा तर्क तपासण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर सोनोग्राफीचा गट आणि केवळ काटेकोर तपासणीचा गट यांच्या मुख्य परिणामांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. स्कॉटलंडमधील 'टेसर' चाचणीतही मुख्य निकषावर असेच चित्र दिसले, जरी काही दुय्यम निकषांवर सोनोग्राफीच्या गटाची सरशी होती. डेन्मार्कमधील 'इमॅजिन-आरए' चाचणीत २०० रुग्णांवर एमआरआयचा वापर झाला. २०१९ च्या अहवालानुसार आजार शमण्याचे प्रमाण वाढले नाही, हाडांची झीज थांबण्याच्या प्रमाणातही लक्षणीय फरक पडला नाही, मात्र औषधे वाढवल्या गेलेल्या एमआरआयच्या गटात गंभीर प्रतिकूल घटना अधिक नोंदल्या गेल्या. अधिक दिसले म्हणून अधिक औषध दिले गेले आणि रुग्णाच्या पदरात फारसे काही पडले नाही, असा याचा सरळ अर्थ होतो.

अणुवैद्यकीय प्रतिमा सोनोग्राफीहून वेगळी आहे, ती पेशींच्या पातळीवर बोलते, म्हणून हे निष्कर्ष तिला लागू नाहीत, असा बचाव केला जातो. तो पूर्णतः फेटाळता येत नाही. परंतु पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. शेजाऱ्याच्या अपयशातून स्वतःला वगळून घेण्यासाठी केवळ वेगळेपण पुरेसे नाही. त्यातही एक महत्त्वाचा मुद्दा दुर्लक्षित राहतो. या चाचण्यांतील तुलनेचा गट काटेकोर तपासणीचा होता. त्यातील रुग्ण ठरावीक अंतराने बोलावले जात, प्रत्येक वेळी सांधे मोजले जात, उद्दिष्ट गाठले नाही तर औषध बदलले जाई. घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या रुग्णाला असे काटेकोर निरीक्षण मिळते का? गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात २८ सांधे मोजण्यास लागणारी पाच-सात मिनिटेही दुर्मीळ असतात. अशा ठिकाणी प्रतिमा ही तपासणीची पूरक न राहता तिचा पर्याय बनण्याचा धोका आहे. महागड्या यंत्राने मोजलेला सांधा आणि कोणीच हात न लावलेला सांधा, अशी विचित्र जोडी त्यातून तयार होते.

उपनगरांच्या संदर्भात दुसरा निर्णायक घटक अंतराचा आहे, आणि येथे पदार्थविज्ञान व नगररचना अनपेक्षितपणे एकत्र येतात. कार्बन-११ चे अर्धायुष्य २० मिनिटे आहे. म्हणजे सायक्लोट्रॉनपासून तासाभराच्या अंतरावरील रुग्णालयात ते पोहोचेपर्यंत एक अष्टमांश उरते. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळ येथे सुरू झाले. तेथून सायंकाळच्या वाहतुकीत पश्चिम द्रुतगती मार्गाने बोरिवली गाठावयास किती वेळ लागतो हे मुंबईकरास सांगावयास नको. ॲमस्टरडॅमच्या अभ्यासांचा कौतुकाने उल्लेख करणाऱ्यांनी, ते द्रव्य स्वतःचे सायक्लोट्रॉन असलेल्या रुग्णालयाबाहेर वापरताच येत नाही, हेही नोंदवावयास हवे. एफडीजीमधील फ्लुओरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे असल्याने ते शहरभर पोहोचू शकते. टेक्नेशियम आणि गॅलियम-६८ ही दोन्ही जनित्रसंचातून जागेवरच मिळतात; म्हणून उपनगरातील मध्यम आकाराच्या विभागाला परवडतील अशी खरी साधने तीच आहेत. त्यांचा पुरवठाही निर्वेध असतोच असे नाही. कॅनडातील एनआरयू अणुभट्टी मे २००९ ते ऑगस्ट २०१० या काळात बंद राहिली तेव्हा जगभर मॉलिब्डेनमची टंचाई झाली होती. नियमित निरीक्षणाची पद्धत अशा साखळीवर उभारताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

किरणोत्साराचा प्रश्न अनेकदा भीतीच्या किंवा उपेक्षेच्या सुरात मांडला जातो. दोन्ही सूर चुकीचे आहेत. हाडांच्या एका नेहमीच्या स्कॅनमधून सुमारे ४ मिलिसिव्हर्ट, तर एफडीजी पेटमधून, सीटीचा भाग वगळता, सुमारे ७ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी मिळणारी जागतिक सरासरी मात्रा २.४ मिलिसिव्हर्ट आहे. एकदा केलेल्या स्कॅनची भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु 'निरीक्षण' या शब्दातच पुनरावृत्ती आहे. उपचारांच्या प्रचलित सूत्रानुसार तीन महिन्यांत सुधारणा दिसावी आणि सहा महिन्यांत उद्दिष्ट गाठावे. प्रत्येक टप्प्यावर हाडांचा स्कॅन केल्यास वर्षाकाठी १६ मिलिसिव्हर्ट होतात. फक्त हातांचे चित्र घेतले म्हणून ही मात्रा कमी होत नाही, कारण द्रव्य संपूर्ण शरीरात पसरते. रुग्णांत मोठा भाग प्रजननक्षम वयातील स्त्रियांचा आहे, त्यांत गर्भारपण आणि स्तन्यपान यांचे प्रश्न आहेत, हे लक्षात घेता ठरावीक मुदतीने स्कॅन करण्याची शिफारस समर्थनीय वाटत नाही.

मग या पद्धतीला स्थान कोठे? जेथे रक्ताची तपासणी आणि हाताची तपासणी परस्परविरोधी बोलतात, जेथे स्थूलतेमुळे किंवा जुन्या विद्रूपतेमुळे सूज हाताला लागत नाही, किंवा जेथे महागडे जैविक औषध सुरू करण्याच्या निर्णयापूर्वी वेदना शोथाची की झिजेची हे ठरवावयाचे आहे, तेथे एक नीट घेतलेला टेक्नेशियम स्कॅन, त्याच्या आरंभीच्या चित्रावर भर देऊन, उपयुक्त ठरू शकतो. २०१४ च्या अखेरीस भारतात ॲडालिम्युमॅबची पहिली समरूप आवृत्ती आली, तरीही जैविक औषधांचा खर्च साप्ताहिक मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांच्या तुलनेत अनेक पटींनी अधिक आहे. चुकीच्या रुग्णाला ते औषध न देणे हा स्कॅनच्या खर्चाचा खरा परतावा होय.

सर्वांत सरळ उपयोग आणखी एका ठिकाणी आहे. औषधांनी बाकीचे सांधे शांत झाले, पण एखादा गुडघा हट्टाने सुजलेलाच राहिला, अशी स्थिती वारंवार आढळते. अशा सांध्यात किरणोत्सारी कणांचे इंजेक्शन देऊन सुजलेले अस्तर आतून निकामी करण्याची उपचारपद्धती उपलब्ध आहे. मोठ्या सांध्यांसाठी यिट्रियम-९० वापरतात, बोटांच्या सांध्यांसाठी कमी पल्ल्याची समस्थानिके लागतात. ट्रॉम्बे येथील संशोधकांनी हायड्रॉक्सिॲपटाइटच्या कणांवर ल्युटेशियम-१७७ बसवून या दिशेने काम केले आहे. त्याचे अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडे अधिक असल्याने ते मुलुंडलाच काय, नागपूरलाही वेळेत पोहोचते. येथे प्रतिमेची भूमिका स्पष्ट असते. अस्तरात खरोखर शोथ आहे की केवळ झीज आहे, हे इंजेक्शनपूर्वी ती दाखवते. आणि ल्युटेशियम स्वतःही गॅमा किरण सोडत असल्यामुळे, दिलेले द्रव्य सांध्यातच राहिले की बाहेर झिरपले, हे त्याच कॅमेऱ्याखाली दुसऱ्या दिवशी तपासता येते.